पट, पाणी आणि पंगत : साताऱ्यातील शालेय सहवासाचा एक अभ्यास (१९००–१९३५)

शिक्षणाच्या इतिहासकाराची पहिली भिस्त शाळेच्या पटावर असते. कोणत्या वर्षी किती मुले दाखल झाली, त्यांच्या जाती कोणत्या, त्यांपैकी किती कोणत्या इयत्तेपर्यंत टिकली, हे पटावरून कळते आणि सरकारी अहवालांतील कोष्टके त्याच आधारावर उभी असतात. पण पटावर नाव चढलेला मुलगा वर्गात कोठे बसला, तहान लागली तेव्हा त्याला पाणी कोणी दिले, मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर जेवला, या गोष्टींची नोंद पट ठेवत नाही. मुलांमध्ये मैत्री जडते की नाही आणि शाळा आपली आहे असे एखाद्या मुलाला वाटते की नाही, हे मात्र नेमके याच गोष्टींवर ठरते. सातारा या एकाच गावी, अवघ्या पाव शतकाच्या अंतराने घडलेल्या दोन प्रकरणांच्या आधारे हा प्रश्न तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जून १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलाने सरकारी शाळेत आपणास प्रवेश मिळत नाही, असा अर्ज मुंबई सरकारकडे केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सरकारची भूमिका अशी पडली की, न्याय मुलाच्या बाजूने असला तरी एका मुलासाठी इतरांनी शाळा सोडून जावे अशी स्थिती ओढवून घेणे इष्ट नाही. हिंदुस्थान सरकारला हे मत रुचले नाही. आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य केले. पुढे १८८२ च्या शिक्षण आयोगानेही तेच तत्त्व उचलून धरले. मात्र त्याची अंमलबजावणी सबुरीने करावी आणि जेथे विरोध तीव्र असेल तेथे स्वतंत्र शाळा काढाव्यात, अशी पुस्तीही जोडली. तत्त्व निर्विवाद आणि अंमल सबुरीचा, या जोडीने पुढील अर्धशतक व्यापले आहे. शाळेच्या ओसरीवर बसणारा मुलगा हे याच जोडीचे अपत्य होय. त्याचे नाव पटावर असे, म्हणून तत्त्व पाळले जाई. तो वर्गाबाहेर बसे, म्हणून सबुरीही पाळली जाई.

या सर्व पत्रव्यवहारात धारवाडच्या त्या मुलाचा स्वतःचा आवाज अर्जापुरताच ऐकू येतो. मुलांनी स्वतः लिहिलेले असे त्या काळातील फार थोडे आपल्या हाती आहे. म्हणून पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळाव्यवस्थेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने लिहिलेला आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलेला निबंध असाधारण मोलाचा ठरतो. विद्यार्थिदशेतील मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी जाहीरपणे लिहावे, याचा अर्थ तिला बोलते करणारी शाळा तिला मिळाली होती. पण ही शाळा महार-मांगांच्या मुलांसाठी चालविलेली होती, हेही विसरता कामा नये. तेथे शिक्षकाचे प्रेम मिळाले, विद्या मिळाली. परंतु निरनिराळ्या जातींची मुले एका बाकावर बसण्याचा प्रश्न त्या काळी तेथे उभा राहिला नाही. फुल्यांना त्या प्रश्नाची जाण नव्हती असे मुळीच नाही. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुला केला. शाळेनंतर वीस वर्षांनी ते पाण्यापर्यंत आले, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो.

आता साताऱ्याकडे वळू. निवृत्त सुभेदार रामजी यांचा मुलगा भिवा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिल्या इयत्तेत दाखल झाला. हेच पुढचे प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. म्हणजे पटावरील नोंदीला आज सार्वजनिक स्मृतीचे स्थान मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या नोंदीपलीकडे काय होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेची हकीकत येते. वर्गात मुलांनी आपापल्या क्रमांकानुसार बसावे, अशी पद्धत होती. भिवाला मात्र कोपऱ्यात एकट्याने बसावे लागे, आणि तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून ते रोज सायंकाळी घरी न्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावयाचे. पाण्याची गोष्ट त्याहून कठीण. इतर मुलांना तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरे होई. ती नळाकडे जात, तो सोडीत व पाणी पीत. भिवाला मास्तरांची परवानगी असूनही भागत नसे. नळ सोडण्यास शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

या वर्णनात इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोग्या दोन बाबी आहेत. क्रमांकानुसार बैठक ही इंग्रजी शाळेने आणलेली नवी गोष्ट होती. तीत गुणाला स्थान होते. मुलाचे वर्गातील ठिकाण त्याच्या अभ्यासावर ठरत असे. या पद्धतीतून एकाच मुलाला वगळले की तो केवळ एकटाच पडतो असे नाही, तर वर्गाच्या स्पर्धेतून, चढाओढीतून, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावण्यातून, म्हणजे ज्यातून शाळकरी मैत्री जन्माला येते त्या सर्वांतून तो वगळला जातो. दुसरी बाब शिक्षकाच्या अधिकाराची. मास्तरांनी परवानगी दिली तरी पाणी मिळत नाही, याचा अर्थ शाळेत मास्तरांच्या शब्दाहून मोठा असा एक नियम होता आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. सरकारी आदेश शिक्षकापर्यंत पोहोचत. या नियमापर्यंत पोहोचत नसत.

अशा शाळेत शिक्षकाच्या मायेला किती वाव होता? या प्रश्नाचे उत्तर देणारी साक्ष सुदैवाने उपलब्ध आहे. १९४७ मध्ये 'नवयुग' साप्ताहिकाने आंबेडकर विशेषांक काढला. त्यातील आठवणींत बाबासाहेबांनी आपल्या दोन ब्राह्मण शिक्षकांविषयी मोठ्या आपुलकीने सांगितले आहे. एक पेंडसे मास्तर. पावसात चिंब भिजून वर्गात आलेल्या भिवाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर घरी पाठविले, अंगावर गरम पाणी घालावयास लावले आणि नेसावयास लंगोटी दिली. दुसरे आंबेडकर आडनावाचे मास्तर. मधल्या सुट्टीत या मुलाने जेवावयास घरी जावे, हे त्यांना पसंत नसे. ते आपल्या फराळात भाजी-भाकरी अधिक बांधून आणीत आणि रोज न चुकता त्याला बोलावून देत. शिवाशीव होऊ नये म्हणून ती वरून त्याच्या हातावर टाकीत. पुढे गोलमेज परिषदेच्या वेळी या शिक्षकांचे पत्र आले, ते बाबासाहेबांनी जपून ठेवले. आडनावाच्या बदलाची जी कथा सांगितली जाते तिच्या तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विवेचनास तिची गरज नाही. भाजी-भाकरी पुरेशी आहे.

या एका कृतीचे परीक्षण सावधपणे केले पाहिजे. आजच्या वाचकाचे लक्ष पटकन 'वरून टाकण्या'कडे जाईल आणि ते मास्तरांस दोषी ठरवून मोकळे होईल. पूर्वीच्या चरित्रकारांचा कल याच्या उलट, म्हणजे केवळ भाकरीकडे पाहून गुरुशिष्यप्रेमाचे गोडवे गाण्याकडे असे. खुद्द आठवण सांगणाऱ्याने मात्र दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. त्या भाकरीची गोडी अवीट होती हेही सांगितले, आणि ती कशी दिली जाई हेही लपविले नाही. माझ्या मते हाच या साक्षीचा खरा अर्थ होय. मास्तरांचे प्रेम खरे होते, आणि ते नियमाच्या आतच राहिले. ते रोज भाकरी आणू शकत होते. पण त्या मुलाला आपल्या शेजारी बसवून जेवू घालणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, किंवा निदान त्यांना तसे वाटत होते. शिवाय ही माया शिक्षक आणि एक विद्यार्थी यांच्यामधली होती. ती वर्गातल्या चाळीस मुलांमध्ये पाझरली नाही. उलट मास्तर रोज आपल्या डब्यातील भाकरी वरून टाकतात हे पाहणारी मुले त्यातून दोन्ही धडे घेत असणार. या मुलावर माया करावी, आणि त्याला शिवू नये.

दिवसाची शाळा या कोंडीतून सहजी बाहेर पडू शकत नव्हती, याचे कारण तिच्या रचनेतच होते. मूल शाळेत पाच-सहा तास असते आणि सायंकाळी घरी परतते. शाळेत काही शिवाशीव झालीच तर घरी अंगावर पाणी घेऊन, कपडे बदलून ती निस्तरता येते. म्हणजे शाळेतील सहवास हा घराच्या दृष्टीने रोज पुसला जाणारा सहवास होता. जेवण तर प्रत्येकाचे आपापले. तो पुसला जाऊ नये असे वाटत असेल तर मुलांनी एकत्र राहिले पाहिजे. शाळेबरोबर वसतिगृह हवे.

वसतिगृहांचा इतिहास कोल्हापुराकडे नेतो, आणि तेथे अभ्यासकाला एक चकवा बसतो. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह सुरू केले होते. काही वर्षांतच अनुभव असा आला की, नावाने सर्वांचे असलेले हे वसतिगृह प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले आहे. तेव्हा महाराजांनी धोरण बदलले आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ज्या राजाने १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याची आज्ञा दिली, त्याने वसतिगृहे मात्र जातवार ठेवावीत, ही विसंगती वाटते. ती विसंगती नाही. शाळेचा खर्च दरबार करतो, म्हणून तेथे हुकूम चालतो. वसतिगृह ज्या त्या समाजाच्या देणग्यांवर चालावयाचे होते. आणि खेड्यातून आलेल्या मुलाला आधी डोके टेकावयास जागा आणि दोन वेळचे अन्न हवे होते. सर्वांसाठी उघडलेले दार एकाच समाजाच्या उपयोगी पडते, हा १८९६ चा धडा महाराज विसरले नव्हते.

पण जातवार वसतिगृहाची मर्यादा त्याच कोल्हापुरात, त्याच वर्षी उघड झाली. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास जैन बोर्डिंगमधील एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याने स्नान करून मगच आत यावे असे त्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचे पुढचे जीवन महाराष्ट्रास परिचित आहे. येथे त्यातील आपल्या प्रश्नाशी संबंधित तेवढाच भाग घेऊ. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. कोणत्याही शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याने पाहिल्या नसतील इतक्या शाळांच्या ओसऱ्या या फिरत्या विक्रेत्याने पाहिल्या असतील! वर्गाबाहेर बसविलेला एक महार मुलगा त्यांना असाच दिसला. त्यांनी त्याला कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेविले, असे त्यांची चरित्रे सांगतात. हे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. आंबेडकर १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले, त्या काळात 'मूकनायका'चे संपादन ज्यांच्याकडे आले आणि जे मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले, तेच हे घोलप. साताऱ्याच्या कोपऱ्यातील गोणपाट आणि सातारा जिल्ह्यातीलच एका शाळेची ओसरी यांची गाठ अशी एका वृत्तपत्राच्या कचेरीत पडली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी आपले वसतिगृह साताऱ्यास आणले. येथे जैन, मराठा, महार, मांग, मुसलमान अशी मुले एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच आळीपाळीने करावा, पाणी मुलांनीच भरावे, वाढणेही त्यांच्याकडेच, आणि जेवण एका पंगतीत. वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेने साताऱ्याच्या जुन्या हायस्कुलातील तिन्ही अडथळे एकदम नाहीसे केले. बसण्याची जागा पंगतीने ठरविली. पाणी भरणारा हात आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा, म्हणून शिपायाची वाट पाहण्याचा प्रश्न उरला नाही. आणि भाकरी वरून टाकणारे कोणी राहिले नाही, कारण भाकरी थापणाऱ्यांतच तो मुलगाही होता. विशिष्ट जातीचा स्वयंपाकी ठेवून सर्वांनी जेवावयाचे, ही त्या काळच्या पुष्कळ 'सुधारक' वसतिगृहांची तडजोड होती. तीत सर्व मुले उच्च मानल्या गेलेल्या हातचे खात, उलट कधीच होत नसे. भाऊरावांनी ही तडजोड टाळली, आणि त्यांच्या प्रयोगाचे सारे सार मला त्यातच दिसते.

हे वसतिगृह एकट्या भाऊरावांचे नव्हते. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. घरात धान्य नव्हते तेव्हा त्यांनी एकेक दागिना आणि शेवटी मंगळसूत्रही मोडावयास दिले. १९३० मध्ये त्या वारल्या. गावोगावच्या स्त्रियांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची योजनाही होती. मुष्टिफंडाचा आर्थिक हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. त्याचा दुसरा अर्थ सहसा कोणी पाहत नाही. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, धनगरांच्या घरच्या मुठी एकाच पोत्यात पडत आणि त्या पोत्यातून सर्व मुलांची भाकरी होई. जातवार देणग्यांवर जातवार वसतिगृह उभे राहते, हा कोल्हापूरचा नियम येथे अन्नाच्या मुळाशीच मोडला गेला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. ज्यांनी जातवार वसतिगृहे काढली त्यांचे नाव मिश्र वसतिगृहास मिळाले, यात कोणास विरोध दिसेल; भाऊरावांना तो दिसला नाही. ते स्वतःला त्याच परंपरेतले मानीत.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. साताऱ्याचे मिश्र वसतिगृह जेमतेम स्थिरावत असताना, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी सोलापूरला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वेगळे वसतिगृह काढले. साताऱ्यात एकटेपण भोगलेल्या माणसाने वेगळेपणाचा मार्ग का स्वीकारावा, असे विचारले जाते. या प्रश्नात गृहीतच चुकीचे आहे. १९२३ मध्ये मुंबई सरकारने, अस्पृश्य मुलांस प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांचे अनुदान बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे धारवाडच्या अर्जानंतर ६७ वर्षांनी तत्त्वाला पैशाचे बळ मिळाले. पण त्याने पटाचाच प्रश्न सुटत होता. मिश्र वसतिगृह उभे राहावयास भाऊराव-लक्ष्मीबाईंसारखी माणसे लागतात आणि ती प्रत्येक जिल्ह्यात मिळत नव्हती. दरम्यान मुलांची वये थांबून राहत नाहीत. शिवाय, हातावर पडणाऱ्या भाकरीची गोडी आणि तिची उंची दोन्ही ज्याने अनुभवली, त्याला बरोबरीच्या नात्यासाठी आधी स्वतःच्या पायावर उभे राहणे आवश्यक वाटावे, हे समजण्यासारखे आहे. सोलापूरचे वसतिगृह कोल्हापूरच्या १९०१ च्या तर्काला धरून होते, सातारचे १८९६ च्या फसलेल्या हेतूला नव्या पायावर पुरे करीत होते. दोहोंची गरज एकाच वेळी होती.

मुलांच्या मैत्रीविषयी इतिहासकाराने काय म्हणावे? शाहू बोर्डिंगमधील सर्व मुले एकमेकांची जिवलग झाली असा दावा करण्याचे कारण नाही. वसतिगृहात भांडणे होतात, गट पडतात, कामचुकारांना टोमणे बसतात. पण जळलेल्या भाकरीवरून झालेले भांडण हे बरोबरीच्या मुलांचे भांडण असते. कोपऱ्यातील गोणपाटावर बसलेल्या मुलाशी कोणी भांडतही नव्हते. सहवासाची कसोटी म्हणून प्रेमाच्या ग्वाहीपेक्षा भांडणाची शक्यता अधिक भरवशाची मानावी, असे मला वाटते. पण हे मत म्हणूनच नोंदवितो.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये भाऊरावांनी पुण्यास युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले. नावातच त्याचा हेतू आहे. १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. शिक्षक तयार करणारी ही संस्था बोर्डिंगनंतर अकरा वर्षांनी निघावी, हा क्रम योगायोगाचा नव्हता. पंगतीत वाढलेली मुले आता शिकवावयास बाहेर पडणार होती. संस्थेने पुढे खेड्यापाड्यांत ज्या व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांतील पुष्कळशा गावाच्या देवळात, धर्मशाळेत, नाहीतर कोणाच्या पडवीत भरत. अशा ठिकाणी नेमणूक झालेल्या तरुण मास्तरासमोर पहिल्याच दिवशी तोच जुना प्रश्न असे. देवळात शाळा भरते, मग महारवाड्यातील मुलाने कोठे बसावे? त्याच्या आधीच्या पिढीतील मास्तरांजवळ या प्रश्नाला भाजी-भाकरीएवढेच उत्तर होते. नव्या मास्तराने मात्र त्या मुलाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे जेवलेले असे.